मोजून नेलं, सांगायला कोण येणार?

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी आजवर तीनदा सर्वेक्षणाला गेलो. तिन्ही वेळा पैसे देणारे वेगळे, फॉर्मचा रंग वेगळा, प्रश्न मात्र जवळपास तेच. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या बाबांनी मला प्रश्न वाचूच दिला नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली, "घर कुडाचं. वर कौलं. चूल. कार्ड पिवळं. पाणी विहिरीचं, अर्धा तास. संडास बांधलेला आहे. माणसं सहा, शिकलेली दोन. लिहिलं? आता पान उलटा." मी खरोखरच पान उलटलं. इतकी वर्षं संशोधन पद्धतीचा पेपर शिकवतो आहे, पण उत्तर देणाऱ्यालाच प्रश्नावली पाठ असेल तर काय करायचं, हे कुठल्या क्रमिक पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्यातल्या आरोपींत माझंही नाव आहे. त्या पाड्यावरच्या पहिल्या खेपेतून एक अहवाल निघाला आणि ज्यांनी पैसे दिले त्यांच्या कपाटात गेला. दुसऱ्या खेपेतून माझे दोन शोधनिबंध निघाले आणि पदोन्नतीच्या फायलीला लागले. पाड्यावर परत काय गेलं? काहीही नाही. एक झेरॉक्ससुद्धा नाही.

आपण या कामाला उपयोजित संशोधन म्हणतो. शब्द भारदस्त आहे. उपयोग त्यात आहे, योजना त्यात आहे, फक्त उपयोग कोणाला हे त्यात लिहिलेलं नाही. माझं म्हणणं असं की ज्यांना मोजलं त्यांच्यासमोर बसून आकडा वाचून दाखवल्याशिवाय कोणत्याही सामाजिक, आरोग्यविषयक किंवा शैक्षणिक पाहणीला हा शब्द लावू देऊ नये. ही मागणी मी शिष्टाचार म्हणून करत नाही. वाचून न दाखवलेला आकडा पुष्कळदा चुकलेला असतो आणि तो चुकला आहे हे आपल्याला कधीच कळत नाही, म्हणून करतो.

नाशिकमध्ये बसून हे लिहायला कारण आहे. दिंडोरी रोडला लागलं की मेरी लागते, धरणं-कालव्यांचं संशोधन करणारी सरकारी संस्था. थोडं पुढे म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ साली ते झालं आणि राज्यभरातले एमडी-एमएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगचे प्रबंध त्याच्याकडे येऊ लागले. गंगापूर धरणाच्या वाटेवर १९८९ सालचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. राज्यातल्या सरकारी आश्रमशाळा ज्याच्या हाताखाली चालतात ते आदिवासी विकास आयुक्तालयही नाशकातच. एवढी दारं एका शहरात असलेला दुसरा जिल्हा शोधावा लागेल. आणि पंधरा तालुक्यांचा हा जिल्हा, २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाख वस्तीचा, त्यात साधारण चौथा हिस्सा आदिवासी. म्हसरूळवरून जाणारा तोच दिंडोरी रोड पुढे वणीवरून सुरगाण्याकडे जातो. अभ्यास करणारे आणि ज्यांचा अभ्यास होतो ते, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना राहतात. माहिती मात्र या रस्त्याने एकाच दिशेला धावते.

आता या रस्त्यावरून जे येतं त्याचं काय होतं ते पाहू. प्रबंधाचं पाचवं प्रकरण वाचण्याची सवय मला लागली आहे. आधीची चार वाचली नाहीत तरी चालतं. शिफारशी ठरलेल्या असतात. शासनाने याकडे लक्ष द्यावे. पालकांमध्ये जनजागृती करावी. योजनांची माहिती तळागाळापर्यंत पोचवावी. एखाद्या ठिकाणी विद्यार्थ्याने चुकून लिहिलेलं असतं की अमुक पाड्यावरची अंगणवाडी ओढ्यापलीकडे आहे आणि पावसाळ्यात तिथं पोरं जाऊ शकत नाहीत. मार्गदर्शक ते वाक्य खोडतात, कारण ते 'सामान्यीकरणक्षम', म्हणजे सगळीकडे लागू होईल असं, नाही. माझ्याही हातून अशी वाक्यं खोडली गेली आहेत.

आरोग्यशिक्षणातला एक नमुना तर इतका प्रचलित आहे की त्याचं शीर्षक कोणीही झोपेत सांगेल. अमुक शाळेतल्या किशोरवयीन मुलींच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. आधी चाचणी, मग चाळीस मिनिटांचं व्याख्यान, आठवड्याने पुन्हा तीच चाचणी. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं व्याख्यानात सांगितलेली असतात. ॲनिमियावरचे गुण वाढले म्हणून मुलींचं हिमोग्लोबिन वाढलं का, हा प्रश्न त्या प्रबंधाच्या कक्षेत येत नाही. त्या मुलीही पुन्हा कोणाच्या कक्षेत येत नाहीत.

यात संशोधकांचा आळस आहे, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकणं सोपं होईल. बक्षीस कशाला आहे ते बघा. प्राध्यापकाला गुण मिळतात छापून आलेल्या पेपरचे. त्यातून पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांचं जे पीक आलं ते सगळ्यांनी पाहिलं. पुण्यातल्या अभ्यासकांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठांनीच सुचवलेल्या १००९ नियतकालिकांची छाननी मांडली, त्यातली ८८ टक्के निकृष्ट ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या यादीतून ४३०५ नियतकालिकं काढून टाकली. त्या नियतकालिकांत छापून आलेल्या पाहण्यांतली माणसं मात्र खरी होती. कोणाच्या तरी ओट्यावर, कोणाची तरी अर्धी दुपार खर्चून त्या झाल्या होत्या. यादीतून नाव काढलं म्हणून ती दुपार त्यांना परत मिळाली नाही.

आकडा चुकतो कसा, ते एकदा नीट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

आमच्या महाविद्यालयांची गावपाहणी बहुतेक वेळा राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात होते. डिसेंबर-जानेवारी. पोरं मोकळी असतात, हवा छान असते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर नेमके त्याच दिवसांत लोक नसतात. भात, नागली, वरई काढून झाली, दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातात. ऑक्टोबर छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, थिनिंग म्हणजे ते विरळ करणं, मग काढणी. मुकादमाबरोबर एकराचा हिशोब उक्ता ठरतो आणि बागेच्या कडेला ताडपत्री टाकून संसार मांडला जातो. पाड्यावर राहतात म्हातारी माणसं, काही शाळकरी पोरं आणि कुलपं. शिबिरार्थी उरलेल्या घरांचे फॉर्म भरतात. मग अहवालात वाक्य येतं की गावात वृद्धांचं प्रमाण लक्षणीय आहे, रोजगाराची समस्या फारशी कोणी मांडली नाही. कशी मांडतील? ज्यांची समस्या आहे ते ऐंशी किलोमीटरवर सोनाक्का द्राक्षाचे घड विरळ करत असतात.

त्या स्थलांतरित कुटुंबातलं तीन वर्षांचं मूल पाड्यावरच्या अंगणवाडीच्या यादीत असतं, वजनाच्या दिवशी हजर नसतं. बागेजवळच्या गावातल्या अंगणवाडीत ते बसू शकतं, पण ताईंना ते आहे हे कळलं तर. सॅम की मॅम, तीव्र कुपोषित की मध्यम, हे ठरायला मूल आधी काट्यावर यावं लागतं. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांमधली मुलं मेंढ्या राखायला दिली गेल्याचं उघडकीस आलं, तेही एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर. इतक्या पाहण्यांच्या जिल्ह्यात मुलं घरातून नाहीशी होतात आणि ते कळायला कोणाला तरी मरावं लागतं.

संडासाचंही असंच. 'शौचालय आहे का' या प्रश्नाला बाबांनी दिलेलं उत्तर शंभर टक्के खरं होतं. आत सरपण रचलेलं होतं. ते मला दिसत होतं, पण फॉर्मवर त्याला चौकोन नव्हता.

मोठ्या सर्वेक्षणांचा दर्जा यापेक्षा पुष्कळ वरचा असतो हे मान्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ अशा दोन फेऱ्यांचे महाराष्ट्राचे आकडे शेजारी ठेवून पाहा. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने खुजी मुलं ३४.४ टक्के होती, ती ३५.२ झाली. उंचीच्या मानाने रोडावलेली २५.६ होती, ती २५.६ च राहिली. कमी वजनाची ३६ वरून ३६.१. मोजमाप उत्तम, बदल शून्य. शिवाय जिल्ह्याचा आकडा म्हणजे निफाडच्या बागायतदाराचं मूल आणि सुरगाण्याच्या मजुराचं मूल एकाच हंड्यात ढवळून काढलेली चव. योजना आखायला तो आकडा लागतोच, पण कोणत्या पाड्यावर, कोणत्या महिन्यात, काय अडतं हे तो सांगू शकत नाही. ते काम स्थानिक महाविद्यालयांचं, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरचं, बीएडच्या विद्यार्थ्याचं. आणि नेमके तेच लोक मोठ्या सर्वेक्षणाची फिकी नक्कल करत बसतात.

उलट बाजूचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे आणि ते इतकं गाजलेलं आहे की त्याचा अर्थ आपण विसरलो आहोत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचा श्वास मोजायला, ज्यांना साठपर्यंत मोजता येत नाही त्यांच्यासाठी मण्यांचं साधं उपकरण बनवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी ज्या भेटी देतात त्याचं मूळ तिथं आहे. लोक या गोष्टीतलं 'लॅन्सेट' लक्षात ठेवतात. मला ते मणी महत्त्वाचे वाटतात. ज्या बाईला मोजायचं होतं तिला काय जमतं हे विचारल्याशिवाय ते मणी सुचलेच नसते. तिथं मोजणारी आणि मोजली जाणारी एकाच गावातली होती. आकडा चुकला तर तो तिथंच पकडला जाणार होता.

नाशिकचा विचार करताना मला मालेगाव आठवतं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये हे यंत्रमागाचं शहर कोरोनाच्या बातम्यांत रोज पहिल्या पानावर होतं. नंतर तिथली साथ ओसरली आणि प्रश्न पडला की ओसरली कशी. काढ्यामुळे, तरुण लोकसंख्येमुळे, एवढ्या दाटीत आधीच सगळ्यांना होऊन गेल्यामुळे? चहाच्या टपरीवर प्रत्येकाकडे एक उत्तर होतं. आरोग्य विद्यापीठाने २०२२ साली हा प्रश्न अभ्यासाला घेतला. प्रश्न रस्त्यावरून उचलला याबद्दल विद्यापीठाचं कौतुकच केलं पाहिजे, आपल्याकडे प्रश्न सहसा परदेशी पेपरच्या शेवटच्या परिच्छेदातून येतात. माझी तक्रार वेळेची आहे. मालेगावकर जे सांगत होते ते २०२० च्या जूनमध्येच कोणीतरी वहीत उतरवायला हवं होतं. कोण किती दिवस आजारी होतं, कोणी काय घेतलं, कोण दवाखान्यात गेलंच नाही, हे दीड वर्षाने आठवायचं म्हणजे जो तो आपल्या आवडीचं आठवतो. त्यासाठी शहरात आधीपासून राबता असावा लागतो, साथ आल्यावर तो तयार करता येत नाही.

राबता असला की काय होतं याचंही एक उदाहरण गोदाकाठी आहे. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ जण गेले. पुढच्या, म्हणजे २०१५ च्या सिंहस्थाआधी शहरातल्या लोकांनी, विद्यार्थ्यांनी, मूळच्या नाशिककर असलेल्या, अमेरिकेतल्या एमआयटीच्या रमेश रासकरांनी मिळून गर्दी, आरोग्य, वाहतूक यांवर साधनं बनवायचा घाट घातला. त्यात नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने वरून चालत जाणारी माणसं मोजणारी चटई केली आणि ती त्या वर्षी प्रत्यक्ष गर्दीत अंथरली गेली. यात मला आवडतं ते असं की प्रश्न कोणाचा होता आणि उत्तर कोण वापरणार होतं, हे चटई शिवायच्या आधी ठरलेलं होतं. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर किती माणसं चढली की थांबवायचं, हे कळायला हवं होतं. बंदोबस्तावरच्या माणसाला.

आता २०२७ चं सिंहस्थ तोंडावर आहे. संशोधनाचे प्रस्ताव पुन्हा येतील, यायलाही हवेत. फक्त घाटावर निर्माल्य गोळा करणाऱ्या महापालिकेच्या सफाई कामगारांना कोणी विचारेल का, की मागच्या वेळी त्यांच्या हातापायांचं काय झालं? तीन महिने त्यांचं काम वाढतं ते कितीने वाढतं? पंचवटीतल्या ज्या घरांच्या दारात बॅरिकेड पडतं तिथल्या डायलिसिसच्या रुग्णाने दवाखान्यात जायचं कसं? हे प्रश्न लहान आहेत. त्यांच्यावर 'लॅन्सेट'मध्ये काही छापून येणार नाही.

गोदावरीच्या कुंडांची गोष्ट संस्कृतीच्या खात्यातली, तरी इथं बसते. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत पात्रात काँक्रीट ओतलं गेलं आणि जुनी कुंडं त्याखाली गेली. तळाला कुंडं होती, जिवंत झरे होते, हे नदीकाठची म्हातारी माणसं सांगत होती, पण आठवणीला सरकारदरबारी किंमत नसते. काही गोदाप्रेमींनी जुने नकाशे शोधले, त्यावर बोट ठेवून कुंडं दाखवली, न्यायालयापर्यंत गेले. यातल्या कोणाला पीएचडी मिळाली नाही. पण लोकांची आठवण, दप्तरातला कागद आणि निर्णय घेणारी यंत्रणा या तिन्ही टोकांना गाठ मारणारं हे काम उपयोजित संशोधन नसेल तर मग दुसरं कशाला म्हणायचं?

सांस्कृतिक अभ्यासात आम्ही आणखी एक गुन्हा सर्रास करतो. कळवण-बागलाणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. माऊल्या, म्हणजे व्रत धरलेले भक्त, गातात, नाचतात, रात्र रात्र चालतं. अभ्यासक रेकॉर्डर घेऊन जातात. मीही गेलो होतो. त्या वेळी गाणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: "सर, हे जे भरलं ते आम्हालापण द्या, आमच्या पोरांना ऐकवू." तेव्हा कॅसेटचे दिवस होते. मी हो म्हणालो. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे.

वाचून दाखवण्याला विरोध करणारे माझे सहकारी मूर्ख नाहीत, त्यांचे मुद्दे खरे आहेत. एक जण म्हणतात, असं केलं तर संशोधक गावाला खूश करायला लागेल. शक्य आहे. पण आत्ता तो पैसे देणाऱ्याला खूश करतो आहे, त्यापेक्षा गाव बरं. दुसरे म्हणतात, सगळं ज्ञान उद्याच्या उद्या वापरायचं नसतं. अगदी मान्य. कोणी वारली नातेसंज्ञांचा अभ्यास निव्वळ जिज्ञासेने केला तर मी त्याला टाळ्या वाजवेन. त्याने फक्त अर्जावर 'उपयोजित' लिहून निधी मागू नये.

तिसरा आक्षेप जड आहे, आणि तो मला एका आशाताईने ऐकवला. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं २०१९-२१ ची पाहणी सांगते. पाड्यावर सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. पण सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून तिचं वय एकोणीस लागतं, नाहीतर ती दवाखान्यात येतच नाही. "तुम्ही हे सगळं ग्रामसभेत वाचणार?" ताई म्हणाल्या. "चाळीस घरांचा पाडा आहे सर. तुम्ही 'तीन मुली' म्हणालात की सगळे तीन दारांकडे बघतील. आणि तुम्हाला कोणी सांगितलं, तर मी."

यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. काही गोष्टी सगळ्यांसमोर वाचायच्या नसतात. महिला ग्रामसभा कायद्याने वेगळी घ्यावी लागते, ती जागा काही विषयांसाठी बरी. काही आकडे चार-पाच गावांचे एकत्र करूनच सांगावेत. काही फक्त आशा, एएनएम म्हणजे आरोग्यसेविका आणि वैद्यकीय अधिकारी यांच्यात राहावेत. म्हणजे प्रत्येक वेळी विचार करावा लागेल, नियमाने भागणार नाही. पण या एका अवघड विषयाची ढाल करून पाण्याचा, रेशनचा, शाळेचा, दवाखान्याच्या अंतराचा आकडाही लोकांपासून लपवायचा, हे मला पटत नाही. त्यात गोपनीय काय आहे?

करायचं काय, तर त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं समुदायाचा सहभाग आणि लाभातला वाटा यांबद्दल आधीच बोलतात. नीतिसमित्या मात्र संमतिपत्रावरची सही किंवा अंगठा पाहतात आणि तिथंच थांबतात. याच समितीने प्रस्तावात आणखी दोन ओळी मागाव्यात. एक, या निष्कर्षावर कृती करू शकेल असा माणूस कोण. 'शासन' हे उत्तर चालणार नाही, तालुका आरोग्य अधिकारी की केंद्रप्रमुख की सरपंच ते लिहा. दुसरी, निष्कर्ष गावात कधी वाचणार, कोणत्या महिन्यात. तो महिना लिहायला लागला की संशोधकाला आपोआप विचारावं लागेल की तेव्हा लोक घरी असतात का. वाचनाच्या बैठकीचं टिपण जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारायचा नाही, एवढं जरी म्हसरूळच्या आणि गंगापूरच्या विद्यापीठांनी ठरवलं तरी पुरे. ज्ञानगंगा घरोघरी न्यायची असेल तर त्या घरांनी दिलेलं ज्ञान तरी आधी परत करा.

सुरगाणा, पेठ, कळवण पूर्ण आणि आणखी काही तालुक्यांचा भाग आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखाली येतो. १९९६ च्या या कायद्याने ग्रामसभेला जमीन, पाणी, गौणवनोपज यांवर बोलायचा अधिकार दिला आहे. मग त्याच ग्रामसभेला तिच्या लोकांची माहिती कोण गोळा करतो आहे, हे विचारायचा अधिकार का नसावा? ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवावी. कोण आलं, काय विचारलं, कधी परत येणार. बाबांच्या पाड्यावर अशी वही असती तर तिसऱ्या खेपेला मला तिथं जाण्याची गरजच पडली नसती, आधीच्या दोन फॉर्मांतून काम भागलं असतं. खर्चाचं म्हणाल तर जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण उपक्रमांचं लेखाशीर्ष असतं. एका बैठकीला चहा आणि जाण्या-येण्याचं भाडं लागतं.

आणि भाषा. निष्कर्ष मराठीत हवेत हे झालंच, पण मराठीतही 'कुपोषणाचे प्रादुर्भाव प्रमाण' म्हणून चालत नाही. एका शिबिरात माझ्या विद्यार्थिनीने तक्ता न काढता तांदळाच्या मुठींनी घरं मांडली होती, एक मूठ म्हणजे पाच घरं. त्या दिवशी मला कळलं की 'स्तंभालेख' हा शब्द मी वीस वर्षं उगाच शिकवत होतो.

गेल्या शिमग्याला मी त्या पाड्यावर चौथ्यांदा गेलो, या वेळी फॉर्म न घेता. शिमग्याला सगळे घरी परततात, बागांतूनही. समाजमंदिराच्या पायरीवर बसून तिसऱ्या पाहणीतले आकडे वाचायला लागलो. घरं, माणसं, रेशन इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. मग मी वाचलं, "पाणी आणायला लागणारा सरासरी वेळ, पस्तीस मिनिटं." मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. तिथून आधी एक हसू आलं, मग सगळ्याच हसल्या.

बाबांची सून उठून पुढे आली. तिने माझ्या कागदावर बोट ठेवून विचारलं, "हा आकडा कोणी सांगितला?"

बाबांनी सांगितला, असं मी म्हणालो. इतर घरांतही आजोबांनी किंवा बापानेच सांगितला होता, कारण ओट्यावर तेच बसलेले असायचे. आणि मी गेलो होतो सप्टेंबरात.

"बाबा कधी गेलं पाण्याला?" तिने विचारलं. बाबा जमिनीकडे बघत होते. ती पायरीवर टेकली आणि सांगायला लागली. दिवाळीपर्यंत वरची विहीर, तिथं अर्धा तास खरा. पुढे होळीपर्यंत खालची, जाऊन येऊन दीड तास. होळीनंतर ओढ्यातला झिरा, त्याचा वेळ चालण्याचा नाहीच, नंबरचा आहे. रात्री हंडे रांगेत लावायचे, तिथंच पडायचं, पाणी जमलं की वाटीने भरायचं. "त्याचं किती मिनिट लिहिणार?"

मी पेन तिच्याकडे दिलं. तिने ते घेतलं नाही, शेजारच्या नववीतल्या मुलीला दिलं आणि पस्तीसच्या आकड्यावर आडवी रेघ मारायला लावली.